गेटवरची पाळी

रामजी वॉचमनने ते हसत हसत सांगितलं, म्हणूनच ते जास्त लागलं. हरेश्वर तांडेल सकाळची सायकल संपवून, घामाने निथळत, एका हाताने हँडल धरून टॉवरच्या गेटात शिरत होता. रामजीने खुर्चीतून उठून आडवा दांडा वर केला आणि म्हणाला, "साहेब, तुमचे बाबा आले होते. समोरच्या फुटपाथवर उभे होते कधीचे. मी म्हटलं, बाबा, आत या, वर जाऊन बसा. तर म्हणतात कसे, आत कसा येऊ, संप आहे ना!" आणि तो पुन्हा हसला. हरेश्वरही हसला. वॉचमन हसला की आपणही हसावं, म्हणजे गोष्ट तिथल्या तिथे मिटते. ही मिटली नाही. लिफ्टमध्ये सायकल मागच्या चाकावर उभी धरून तो वर जाऊ लागला, तेव्हा आरशातला सत्तेचाळीस वर्षांचा माणूस अजून हसतच होता, गालांवर घामाचं मीठ वाळलेलं, तोंड मिटायचं विसरलेला. बाविसाव्या मजल्यावर दार उघडलं आणि त्याच्या ध्यानात आलं, की तीन वर्षांत बाबा या दारात एकदाही उभे राहिलेले नाहीत.

म्हणजे हे त्याला माहीत नव्हतं अशातला भाग नाही. पण प्रत्येक वेळी कारण होतं आणि कारण असलं की माणूस मोजायचं सोडून देतो. वास्तुशांतीला बाबा आले होते, गेटपर्यंत. तिथेच पोटात कळ आली आणि तुळसाने, त्याच्या बहिणीने, त्यांना टॅक्सीत घालून काळाचौकीच्या खोलीवर परत नेलं. गणपतीत गुडघा धरला. दिवाळीत मालवणकडचा कोणी लांबचा चुलता वारला म्हणून सुतक. एकदा ग्रहण. एकदा तर लिफ्टमध्ये भोवळ येते म्हणाले, ज्या लिफ्टमध्ये ते कधी चढलेच नव्हते! आणि हरेश्वर, जो सायकलवर पायांचा जोर मोजणाऱ्या पॉवर मीटरचा आकडाही दोनदा तपासल्याशिवाय मानत नसे, त्याने हे सगळं निमूट खरं मानलं होतं. फ्लॅट घेताना तर त्याच्या आनंदाला पारावार नव्हता. जिथे बाबांनी कापडगिरणीत साच्यांपुढे, म्हणजे मागांपुढे, उभं राहून उमेदीची वर्षं घालवली, नेमकं तिथेच, त्याच जमिनीवर, त्यांना पाय पसरून झोपायला जागा द्यायची, हे वाक्य त्याने सरोजिनीला ऐकवलं, ऑफिसात ऐकवलं, बिल्डरच्या पोरीलाही ऐकवलं; ती म्हणाली, सो स्वीट. बिल्डरने गिरणीचं सगळं पाडलं, फक्त दगडी गेट ठेवलं, जुन्याची आठवण म्हणून. संध्याकाळी त्याच्यावर खालून पिवळे दिवे सोडतात. त्या गेटाकडे बोट दाखवून त्याने बाबांना विचारलं होतं, "ओळखलंत का?" काय विचारलं आपण, काय विचारलं!

"मलाही सांगितलं रामजीने," सरोजिनी पोहे ढवळता ढवळता म्हणाली. ती दादरची, हिंदू कॉलनीतल्या कारकुनी घरातली. तिच्या माहेरी संप म्हणजे वर्तमानपत्रातली बातमी होती. "आठवडाभर येतायत म्हणे. सकाळी सातच्या सुमाराला उभे राहतात, मग जातात."

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"तुझा घाट चालू होता ना." ती हे टोचून बोलली नाही, तेच अधिक टोचलं. मग गॅस बारीक करून तिने आवाजही बारीक केला. "त्यांना विसरायला होतंय का रे? डॉक्टरांना दाखवूया?"

त्याने लॅपटॉप उघडला. घाट खरंच चालू होता. साताऱ्याकडच्या डोंगरात, दहा दिवसांनी, लांब पल्ल्याची ट्रायथलॉन: आधी तळ्यात पोहायचं, मग नव्वद किलोमीटर सायकल, त्यात दोन घाट, आणि मग त्याच डोंगरांतून एकवीस किलोमीटर धावायचं. पडद्यावर रस्त्याचा आलेख होता, दोन मोठे उंचवटे आणि पुढे धावण्याच्या वाटेचे लहान लहान खोडसाळ चढ. दादरचे रमाकांत सर, बँकेतून निवृत्त झाल्यावर तीनदा ही शर्यत पुरी केलेले, त्याच्याकडून तक्ता करून घेत होते. सरांचं म्हणणं साधं होतं. "अरे, सायकल ही सायकलसाठी मारायचीच नसते, ती धावण्यासाठी मारायची. पहिल्या घाटात तुला लोक ओलांडून जातील. पोरं जातील, बाया जातील, माझ्यासारखे म्हातारे जातील. जाऊ दे. चढावर दोनशे वॅटच्या वर गेलास तर माझ्याशी गाठ आहे. आणि सायकलवरून उतरल्यावर धावायला लागशील ना, तो पहिला टप्पा लाज वाटेल इतका सावकाश काढायचा. लाज वाटली नाही तर समज, चुकतोयस." हरेश्वर रकाने भरत होता. पहिला घाट, दोनशे. माथा, एक घोट पाणी. उतार, पाय मोकळे. दुसरा घाट. दुसऱ्या घाटाच्या रकान्यात बोट थांबलं ते थांबलंच. समोरच्या फुटपाथवर म्हणजे नक्की कुठे उभे राहिले असतील? पानवाल्यापाशी, की त्या लोखंडी कठड्यापाशी?

बाबांनी पहिल्याच घाटात सगळा दम घालवला, असं त्याला आजवर वाटत आलं होतं, आणि त्या वाटण्यात थोडा रागही होता. गिरण्यांचा संप लागला त्या जानेवारीत हरेश्वर बारा वर्षांचा होता. विठोबा तांडेल तेव्हा उंच, खांद्यात रुंद, आवाजाने चाळीचा जिना हलवणारा माणूस. गेटसभा झाली की घरी येऊन तीच सभा पुन्हा एकदा आईला ऐकवायचे. गावाहून काकाने होडीच्या कमाईतून तांदळाचं पोतं पाठवलं, ते यांनी खाली उतरवून आधी शेजारच्या खोल्यांतून वाटलं. शिमग्यापर्यंत मिटतंय, म्हणाले. मग गणपतीपर्यंत. मग दिवाळीपर्यंत. आईने भाताच्या पेजेत पाणी वाढवलं आणि एक दिवस भाऊच्या धक्क्यावरून माशांची पाटी आणून लालबागच्या बाजारात जाऊन बसली. कोळणींनी आधी तिला बसू दिलं नाही, मग दिलं. पहाटे ती पाटी बाबा डोक्यावरून बाजाराच्या तोंडापर्यंत पोचवायचे आणि तिथून माघारी वळायचे. पुढे किती वर्षं, हेच. कोणी "बेकार आहेत का हो?" विचारलं की केवढे खवळायचे. "बेकार नाय, संपार असा!" शाळेच्या फॉर्मवर वडिलांचा धंदा म्हणून हरेश्वरने एकदा "संप" असं लिहिलं होतं, आणि वर्गात मास्तरांनी ते मोठ्याने वाचलं होतं. सगळे हसले होते. आज रामजी हसला तसेच, अगदी वाईट मनात न आणता.

नाही, पण नुसतं बाबांवर रागावून भागत नव्हतं. एकवीस किलोमीटरचा वेग ठरवता येतो, कारण एकविसावा किलोमीटर कुठे आहे ते माहीत असतं. त्यांना कोणी सांगितलं होतं, किती लांब आहे? शिमगा म्हटलं तर शिमग्याच्या बेताने पळाले, दिवाळी म्हटलं तर दिवाळीच्या. माणूस त्याहून जास्त काय करणार? हे त्याच्या मनात आजच का यावं, त्याला कळेना. त्याने लॅपटॉप मिटला, परत उघडला, खिडकीपाशी गेला, खाली पाहिलं. इतक्या उंचीवरून फुटपाथ म्हणजे नुसती एक राखाडी पट्टी दिसत होती. तिथे कोणी उभं असलं तरी ते आपला बाप आहे हे या खिडकीतून कधीच कळलं नसतं.

रविवारी तो लालबागच्या उड्डाणपुलावर गेला. मुंबईत घाट कुठले. गिरगाव चौपाटीवरून वाळकेश्वरला चढणारा रस्ता आणि हा पूल, एवढ्यावर भागवायचं. चढायचं, उतरायचं, वळून पुन्हा चढायचं. पुलावरून जाताना दोन्ही बाजूंच्या चाळींचे वरचे मजले अगदी हाताशी येतात. लोक गॅलरीत दात घासत उभे असतात, त्यांच्या डोळ्यांत डोळे जातात. तीन खेपा त्याने सरांच्या शब्दाबाहेर न जाता काढल्या. चौथ्या चढावर मागून एक पोट सुटलेला गृहस्थ आला, "गुड मॉर्निंग" म्हणाला आणि पुढे निघून गेला. जाऊ दे. हरेश्वरने मनात म्हटलं, जाऊ दे. आणि म्हणता म्हणताच तो पेडलवर उभा राहिला. दोनशे, अडीचशे, तीनशेच्या वर. मांड्यांत आग, तोंडात रक्तासारखी चव. माथ्यावर त्याने त्या गृहस्थाला गाठलं, मागे टाकलं आणि कडेला थांबून कठड्यावर ओणवा झाला. त्याला ओकारी आली. कुठल्याशा गॅलरीतून एक बाई म्हणाली, "काय ओ, बरं वाटत नाही काय?" बापावर रागावतो आणि करतो तेच. घरी पोचण्याआधीच सरांचा फोन आला. चढउताराचे सगळे आकडे त्यांना तिकडे मोबाइलवर दिसत. "चौथ्या चढावर काय झालं रे? कोणी ओलांडलं वाटतं?" हरेश्वर म्हणाला, "हो." सर म्हणाले, "मग अजून तुझी तयारी झालेली नाही."

तो घरी गेलाच नाही, सायकल तशीच काळाचौकीकडे वळवली. चाळ पुनर्बांधणीला गेली होती, या महिन्यात खोल्या रिकाम्या करायच्या होत्या. तुळसा नालासोपाऱ्याहून येऊन भांडी गोणपाटात भरत बसली होती. आई जाऊन सहा वर्षं झाली, तरी तिची माशांची पाटी अजून मोरीवर टांगलेली होती. बाबा खाटेवर बसून पेज पीत होते. एकोणऐंशी वर्षांचं ते शरीर आता खांद्यातून आत गेलं होतं, पण मिशी नीट कातरलेली, सदरा पांढरा स्वच्छ.

"बाबा, तुम्ही रोज गेटवर येता?"

"रोज नाय," बाबा म्हणाले. "आयतवार सोडून."

तुळसा फिसकन हसली. हरेश्वरला हसू आलं नाही. "बाबा, तिथे गिरणी नाही आता."

"माका ठावक असा. मी काय येडो नाय. टॉवर असा. तुझो ब्लॉक असा बाविसाव्या माळ्यार. थंय माझो साचो होतो."

"मग आत का येत नाही? मी तुमच्यासाठीच घेतलाय तो."

"संप सुटाक नाय."

"पस्तीस वर्षं झाली, बाबा!"

"कोणी सांगल्यान?" त्यांनी वाटी खाली ठेवली. आवाज चढवला नाही. "सांग मा माका. संप सुटलो म्हणान कोणी येवन सांगल्यान?"

हरेश्वर आठवू लागला. कोणी आलं नव्हतं. काही जण एकेकटे मान खाली घालून आत गेले, काही गावी गेले, काही भाजीच्या गाडीवर उभे राहिले, पेपरांनी लिहायचं थांबवलं. येऊन सांगितलं कोणीच नाही.

"माझी सकाळची पाळी होती गेटार," बाबा म्हणाले. कोणी आत जाऊ नये म्हणून संपवाले गेटसमोर पाळीपाळीने उभे राहायचे, ते त्याला आठवत होतं. "तीनाक धोंडू येवचो होतो. इलो नाय. काळोख पडासर उभो रवलंय. मगे पोलिसांनी घालवल्यानी. धोंडू गावाक गेलो, परत येवक नाय. त्येचा काय चुकला नाय. पोरां उपाशी होती त्येची." त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "पण माका कोणी सोडूक नाय."

हरेश्वरला एकदम संपाआधीची एक जुनी दुपार आठवली. शाळेला सुट्टी होती आणि आईने त्याला पाठवलं होतं, बाबा अजून का येत नाहीत ते बघून ये. कोणीतरी ओळखीच्याने त्याला साचाखात्याच्या दारापर्यंत नेलं. आत कानठळ्या, हवेत कापसाची पिंजण, आणि बाबा पाळी संपून तासभर झाला तरी साच्यांपुढे उभे. पुढच्या पाळीचा माणूस आला नव्हता. त्याला पाहून ते ओरडून म्हणाले होते, चालतो साचो टाकून जावचा नसता. पुढलो माणूस येवक होयो, त्येना साच्यार हात ठेवलो काय आपण सुटलो. मग खरंच एक माणूस धावत आला, काही न बोलता त्याने साच्यावर हात ठेवला, आणि बाबांनी आपला काढला. त्या क्षणी त्यांचे खांदे असे उतरले, की लहानग्या हरेश्वरला वाटलं, बाबा आता इथेच झोपणार.

"तुझ्या शर्यतीत कळता मा," बाबांनी विचारलं, "संपली म्हणान?"

"कमान असते, बाबा. वर घड्याळ असतं. पोचलं की गळ्यात बिल्ला घालतात."

"बरा असा ता," बाबा म्हणाले. मनापासून म्हणाले.

निघताना तुळसा गॅलरीत आली. तिने पदराने कपाळ पुसलं. "शुक्रवारी सकाळी टेम्पो येतोय. तुझ्याकडे येत नाहीत तर मी नेते. माझा तिसरा मजला, लिफ्ट नाही, गेल्या वेळी बाबा भिंतीला धरून बसत बसत चढले. एकदा चढले की खाली उतरायचं नावच नको. पण नेते. तू जा तुझ्या घाटात." शुक्रवारी. शुक्रवारी सात वाजता त्याचीही गाडी होती. दोन सोबत्यांबरोबर साताऱ्याला निघायचं, दुपारी दोनला नोंदणी बंद, शनिवारी शर्यत. एक वर्ष तो त्या कमानीकडे बघत जगला होता. आणि शुक्रवारी टेम्पो निघाला की बाबा तिसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीत जाऊन बसणार, आणि मग कायमचे तिथेच.

पुढचे दिवस त्याला कशात चैन पडेना. तक्ता रोज बदलायचा, रोज पूर्ववत करायचा. "खोटं सांग ना," सरोजिनी म्हणाली. "मिटला संप म्हणावं. एका खोट्याने कोणाचं काय बिघडतंय?" घरातल्या घरात उभ्या सायकलवर पाय मारताना त्याने ते म्हणूनही पाहिलं: संप मिटला, बाबा. दर वेळी वाक्य तोंडातून पडताच विझायचं. विचारतील, कोणी सांगल्यान? आणि मी सांगतो म्हटलं, तर म्हणतील, तू कोण? खरंच, तो कोण होता? ज्यांनी गिरणी पाडली त्यांच्याकडून हप्त्यांवर आकाशातली चार खोल्यांची जागा घेतलेला माणूस. तरीही गुरुवारी तो ते वाक्य मनाशी पाठ करतच झोपला.

शुक्रवारी सकाळी सोबत्यांची गाडी गेटाबाहेर उभी होती, मागे सायकली बांधलेल्या, त्यात त्याचीही. बाबा समोरच्या फुटपाथवर होते, लोखंडी कठड्यापाशी. टोपी, छत्री, पांढरा सदरा. तुळसाला सांगून आले असणार, की एवढी पाळी करून येतो मग निघू. हरेश्वर बॅग खांद्यावर तशीच ठेवून रस्ता ओलांडून गेला.

"निघालंस?" बाबांनी विचारलं. "सावकाश जा."

वाक्य ओठांवर होतं. बाबांचा डावा हात कठड्यावर होता, जुन्या चामड्यासारखा कोरडा, आणि नजर गेटावर. ते कोणाला अडवत नव्हते, कोणाची वाटही बघत नसावेत. फक्त जागेवर होते. हरेश्वरने बॅग खाली ठेवली. मग त्याने आपला हात कठड्यावर, त्यांच्या हाताच्या शेजारी ठेवला. लोखंड गार होतं.

"सुटा, बाबा," तो म्हणाला. "मी आलोय."

बाबांनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. "तू?"

"धोंडूकाकाच्या जागेवर."

"पाळी पुरी करूक होयी. मधीच सोडून जावचा नाय."

"माहीत आहे."

"तीनाक सुटता."

"माहीत आहे, बाबा."

पलीकडून हॉर्न वाजला. बाबांनी कठड्यावरचा हात उचलला आणि सदऱ्याला पुसला. त्यांचे खांदे उतरले. छत्री टेकत ते रस्ता ओलांडून गेले, गेटाच्या दगडी खांबापाशी थांबले आणि रामजीला मोठ्याने, सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं म्हणाले, "मी कामाक जातंय नाय हां. घराक जातंय!" रामजी या वेळी हसला नाही. त्याने दांडा वर केला आणि लिफ्टपर्यंत त्यांच्याबरोबर गेला.

"अरे, वेडा झालास का?" सोबती गाडीतून ओरडले. "नोंदणी दोनला बंद होते!" हरेश्वरने हात हलवला, जा म्हणून. एक जण उतरला, काहीतरी बडबडत त्याने त्याची सायकल सोडवून गेटाला टेकवून ठेवली, आणि गाडी लालबागच्या दिशेने निघून गेली. जाऊ दे, त्याने मनात म्हटलं, आणि या वेळी पाय जागचे हलले नाहीत. वर्ष गेलं होतं त्याचं. डोळ्यांतलं पाणी त्याने पुसलं नाही, पानवाला बघत होता तरी.

बाविसाव्या मजल्याच्या खिडकीत थोड्या वेळाने काहीतरी पांढरं दिसलं. सदरा असेल, किंवा सरोजिनीने वाळत घातलेलं काही. पण ते हललं, पुढे झुकलं आणि तिथेच थांबलं. माणूस जागेवर आहे की नाही, ते बघत असावं. हरेश्वरने कठड्यावरची पकड जरा सैल केली, दोन्ही पायांवर सारखा भार दिला. रस्त्याने ऑफिसला जाणारे त्याच्या सायकलच्या चड्डीकडे वळून वळून बघत होते. त्याला लाज वाटत होती. बरोबर, त्याने स्वतःला सांगितलं. पहिला तास लाज वाटेल इतका सावकाशच काढायचा असतो.